आधी सातबारा, मग गिऱ्हाईक

रोह्याच्या नगरपालिकेची हद्द कुठे संपली आणि वरसे कुठे सुरू झालं, हे आता नवख्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. माझ्या लहानपणी जिथे भाताची खाचरं होती तिथे आता इमारती उभ्या आहेत. धाटावच्या एमआयडीसीत नोकरी करणारा, शाळेतला मास्तर, बँकेतून निवृत्त झालेला, मुंबईची खोली मुलाला देऊन गावाकडे परतलेला चाकरमानी, सगळ्यांना इथे घर हवं असतं. कुणाला फ्लॅट, कुणाला चार गुंठे, कुणाला नदीकाठी शेत. घर किंवा जमीन म्हटली की घेणारा आणि देणारा यांच्या मध्ये एक माणूस लागतो. ते काम मी करते. सुरुवात वकिलांकडे दस्त लिहिण्यापासून झाली. खरेदीखतं लिहून लिहून जमिनीची कागदपत्रं वाचता येऊ लागली आणि मग लोकच विचारायला लागले, "ताई, एखादी चांगली जागा असली तर सांगा."

माझी भाची बी.कॉम. झाली आणि म्हणाली, "आत्या, मला तुझं काम शिकव." घरात कुरकुर झाली. शिकलेल्या मुलीने दलाली करायची का, असा भावाचा प्रश्न होता. मला मात्र मनापासून आनंद झाला. रायगडात आज जमिनीचे जेवढे व्यवहार होतात तेवढी जाणती माणसं त्यात नाहीत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, मुंबई जवळ आली, आणि ज्याच्याकडे मोटरसायकल आणि मोबाइल आहे असा प्रत्येक तरुण स्वतःला एजंट म्हणवून घेऊ लागला. त्यांतल्या कित्येकांना फेरफार म्हणजे काय ते सांगता येत नाही.

तिला वाटलं होतं, मी तिला बोलायला शिकवीन. गिऱ्हाईक कसं पटवायचं, भाव कसा चढवायचा. मी सांगितलं, आधी नाकारायला शिक. कोणती जागा हातात घ्यायची नाही हे ज्याला कळलं, त्याला हा धंदा कळला. तोवर कुठल्याही पार्टीशी तू एक शब्द बोलायचा नाहीस.

पहिला धडा आमच्याच घरच्या सातबाऱ्यावर झाला. मोबाइलवर 'महाभूमी'वरून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा निघतो, तो कायद्याने चालतो. वरचा भाग गाव नमुना सात, खालचा बारा. सातमध्ये जमीन कुणाची, किती, कोणत्या हक्काची; बारामध्ये त्यात काय पिकतं. तिने क्षेत्राचा आकडा वाचला, ०.०४.००, आणि म्हणाली, "चार गुंठे." बहुतेक सगळे असंच वाचतात. हा आकडा हेक्टर, आर, चौरस मीटर असा असतो. चार आर म्हणजे ४०० चौरस मीटर, साधारण ४,३०५ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे चार गुंठे ४,३५६. फरक पन्नास फुटांचा. गुंठ्याला पाच लाख भाव धरला तर घेणाऱ्याच्या खिशातून तेवीस हजार जास्त गेले, आणि तेही कुणी फसवायचं न ठरवता. तिने त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या उताऱ्यांचे आकडे गुंठ्यांत आणि फुटांत मांडून दाखवले. वहीचं ते पान मी जपून ठेवलं आहे.

नाव आणि क्षेत्र वाचून लोक उतारा खाली ठेवतात. खरी गोष्ट उजवीकडे असते, 'इतर हक्क' या रकान्यात. सोसायटीचा बोजा, बँकेचं गहाण, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, कोर्टातला दावा, सगळं तिथे बारीक अक्षरात असतं. शेजारी फेरफारांचे क्रमांक असतात. त्यांतला प्रत्येक फेरफार काढून वाचायचा, असा आमच्याकडे नियम आहे. कंटाळवाणं काम आहे, पण एका जमिनीचे फेरफार ओळीने लावले की त्या कुटुंबाचा इतिहास समोर येतो: आजोबा कधी वारले, वाटण्या कधी झाल्या, कुणाचं नाव चढलं आणि कुणाचं चढलंच नाही.

कुळाची नोंद समजावताना तिला मी चरीला घेऊन गेले. अलिबाग तालुक्यातल्या या गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचं नाकारलं. संप १९३९ पर्यंत चालला. जमिनी पड राहिल्या, माणसांनी मिळेल ती मजुरी केली, पण शेतात नांगर घातला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं. पुढे १९४८ चा कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. आज आपण 'कूळ' हा शब्द उताऱ्यावर वाचतो आणि एजंट म्हणतो, "ते जुनं आहे हो, काढून घेऊ." ज्या शब्दासाठी माणसं सहा वर्षं उपाशी राहिली तो असा चहा पिता पिता काढून टाकायचा नसतो. तिने हे ऐकलं नुसतं नाही, मनाला लावून घेतलं. आता कुळाचं नाव दिसलं की ती पहिल्यांदा त्याचे वारस कुठे आहेत ते विचारते.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चं बंधन असतं. अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. कुळाला विक्री प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरून हे बंधन सुटतं, पण ती भरल्याचा कागद हातात हवा. भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं दिसलं की थांबायचं, कारण विचारायचं. आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीपुढे तर हात जोडायचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आमच्या तालुक्यात कातकरी आणि ठाकूर वाड्या पुष्कळ आहेत. साध्या कागदावर अंगठा घेऊन, लग्नाला किंवा आजारपणाला थोडे पैसे देऊन, "पुढचं बघू" म्हणणारे लोक माझ्याकडेही येतात. त्यांना मी दारातूनच परत पाठवते, आणि भाचीलाही तेच करायला सांगितलं आहे. या एका बाबतीत मला दुसरी बाजू ऐकायची नाही.

घेणाऱ्याचीही पात्रता पाहावी लागते. मुंबईचा माणूस गाडीतून उतरतो, हिरवं शेत पाहतो आणि म्हणतो, फायनल करा. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून त्याचा पहिला प्रश्न भावाचा असला तरी आपला पहिला प्रश्न असा हवा: "दादा, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर कुठे शेती आहे का?" साताऱ्याला, संगमेश्वरला, कुठेही असेल तर तिथला उतारा आणा. नसेल तर बिनशेती प्लॉट बघा. हे न सांगता टोकन घेणारा एजंट त्या माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीशी खेळत असतो.

आता वारसांचं सांगते, कारण कोकणातले निम्मे व्यवहार इथेच अडतात. एका सातबाऱ्यावर आठ-दहा नावं, त्यातले चौघे वारलेले, दोघे घाटकोपरला, एक बडोद्याला, आणि बहिणींची नावं कधी लागलेलीच नाहीत. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा बदल केला होता, पण त्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर हिंदू वारसा कायदा बदलला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. तरीही घरोघर एकच वाक्य ऐकू येतं: "ताई काही म्हणणार नाही."

अशाच एका घरी मी भाचीला पाठवलं. जमीन चांगली, रोड टच, घेणारा तयार. भावांनी वंशावळ सांगितली त्यात बहीण नव्हती. भाचीने शेजारच्या म्हातारीला विचारलं तेव्हा कळलं, एक बहीण आहे, पेणजवळ दिली आहे. भाची एसटीने त्या बाईंच्या घरी गेली. बाईंना भावांकडून पैशांची अपेक्षा नव्हती. त्या म्हणाल्या, "वडिलांची जमीन विकताहेत, मला कुणी विचारलं नाही." भाची तिथे दोन तास बसली, त्यांच्या वडिलांच्या आठवणी ऐकल्या, आणि जाताना म्हणाली, तुम्ही हक्कसोड करा किंवा हिस्सा घ्या, तुमच्या मनाला येईल ते करा, पण काय सही करताय ते वाचून करा, मी स्वतः वाचून दाखवीन. बाईंनी शेवटी हिस्सा घेतला. भाऊ सुरुवातीला माझ्यावर रागावले. व्यवहार दोन महिने लांबला, पण खरेदीखतावर बहिणीची सही लागली आणि त्या जमिनीवर पुढे कुणी नोटीस लावणार नाही याची खात्री घेणाऱ्याला झाली. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं, साध्या स्टँपवरचं चालत नाही, हे त्या भावांनाही तेव्हाच कळलं.

कागद वाचून झाला की पाय चिखलात घालायचे. कुंडलिका नदीला भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणारं पाणी मिळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही ती वाहती असते, आणि रोह्याच्या खाली भरती-ओहोटी सुरू होते. नदीकाठची जागा जानेवारीत पाहणारा माणूस भुलतो. मी भाचीला ऐन जुलैत, पाऊस लागलेला असताना जागा बघायला नेलं. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, शेजारच्या भिंतीवर ओल किती उंचीवर आहे, हे बघायचं. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा गावाची काय अवस्था झाली, ते या भागातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारावं. निळी आणि लाल पूररेषा, खाडीकाठी सीआरझेड, खारबंदिस्तीतली जमीन, ही माहिती गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण सांगायची.

रस्ता हा दुसरा मुद्दा. "गाडी जाते" म्हणजे रस्ता आहे असं नव्हे. शेजारी आज जाऊ देतो, उद्या कुंपण घालील. गावनकाशावर वाट आहे का, नसेल तर कुणाच्या बांधावरून जायचं, त्याची लेखी नोंद आहे का, ते पाहायचं. तहसीलदार कलम १४३ खाली बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती मिळवण्यात काळ जातो आणि शेजाऱ्याशी वैर येतं. शंका असेल तिथे आम्ही सरकारी मोजणीचा आग्रह धरतो. हद्द कायम मोजणीची 'क' प्रत हातात आली की बांधावरचे निम्मे वाद मिटतात.

गावठाणातलं जुनं घर असेल तर ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा पुढे केला जातो. तो कर भरल्याची नोंद असतो, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, तिथे ती मागायची. फ्लॅट असेल तर बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटी झाली आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का. ही यादी तिला तोंडपाठ आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

दोन-दोन गुंठ्यांच्या 'फार्महाऊस प्लॉट'बद्दल मात्र बोललंच पाहिजे. सुंदर कमान, डांबरी रस्ता, नारळाची रोपं, आणि जाहिरातीत "एनए प्रोसेसमध्ये". तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकता येत नाहीत. नियम अधूनमधून बदलतात, ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यात दहा आणि वीस गुंठ्यांची नवी मर्यादा आली तेव्हा रायगड जिल्हा त्यातून वगळलेला होता. म्हणून व्यवहाराच्या दिवशी आपल्या तालुक्यात काय लागू आहे ते तहसीलमध्ये विचारायचं, गेल्या वर्षीच्या ज्ञानावर चालायचं नाही. सामाईक सातबाऱ्यावर पंचवीस नावं चढवून "तुमचा हिस्सा हा" असं खडूने दाखवणाऱ्या योजना मी तिला नेऊन दाखवल्या. त्या विकल्या तर दलाली चांगली मिळते. आम्ही त्या विकत नाही.

योजनेतला प्लॉट किंवा नव्या इमारतीतला फ्लॅट विकायचा तर महारेराची नोंदणी लागते. स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, २०१६ चा; त्याखालच्या महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरची आणि आठपेक्षा जास्त सदनिकांची योजना नोंदवल्याशिवाय विकता येत नाही, आणि एजंटालाही स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो. नोंदणी नसताना अशी विक्री केली तर दिवसाला दहा हजार रुपये, मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होतो. जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांना वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. जुन्या एजंटांनी नाकं मुरडली. मला हा निर्णय योग्य वाटतो. भाचीने अभ्यास केला, परीक्षा दिली आणि पास झाली. वायरमनलाही परवाना लागतो, मग लोकांची आयुष्यभराची कमाई हाताळणाऱ्याला का नसावा? जुनं घर किंवा शेतजमीन यांच्या विक्रीला ही नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिथे घेणाऱ्याचं संरक्षण एजंटाच्या सचोटीवरच उरतं.

पैशांबाबत माझे नियम कडक आहेत. जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. टोकन चेकने किंवा बँकेतून, आणि ते मालकाच्या खात्यात, माझ्या नाही. रेराच्या योजनेत नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. साठेखत म्हणजे विकण्याचं वचन, खरेदीखत म्हणजे विक्री. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगून टाकलं आहे, तरी असे कागद अजून फिरतात. दुय्यम निबंधकांकडे दस्त झाला म्हणजे आमचं काम संपलं असंही नाही. फेरफाराची नोंद पडते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात, आणि नव्या मालकाचं नाव सातबाऱ्यावर येतं. तो उतारा आपल्या हाताने नेऊन द्यायचा, मगच फाइल बंद करायची. दलाली किती, कुणाकडून, कधी, हे पहिल्या भेटीतच लिहून द्यायचं. मागाहून बोललेल्या दलालीवरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

या सगळ्यानंतर तिला मी बोलायला शिकवलं, आणि त्याला फार वेळ लागला नाही. जागेतला दोष आधी सांग. पाणी एक दिवसाआड येतं, वरच्या मजल्याला लिफ्ट नाही, समोरच्या मोकळ्या जागेवर उद्या इमारत होईल. तिने पहिला फ्लॅट दाखवला तो धाटावला पाळीत काम करणाऱ्या एका तरुण जोडप्याला. स्वयंपाकघराच्या भिंतीला पावसात ओल येते हे तिने आत शिरताच सांगितलं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, दोघं काही न बोलता गेले. चार दिवसांनी फोन आला. ओलीचं काम करून मालक किती कमी करतील, तेवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांनीच पुढे आणखी तीन गिऱ्हाइकं पाठवली.

रायगडातल्या आईवडिलांना माझं सांगणं आहे की मुलगा किंवा मुलगी हे काम करायचं म्हणत असेल तर नाक मुरडू नका, पण परीक्षा द्यायला लावा आणि वर्षभर कुणा जाणत्याच्या हाताखाली उतारे वाचायला बसवा. आणि जे इथे जागा घेणार आहेत त्यांनी एजंटाला त्याचा महारेरा क्रमांक विचारावा, सातबारा स्वतः काढावा, फेरफार वाचून घ्यावेत, निदान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा, आणि जागा एकदा भर पावसात पाहावी. बयाणा त्यानंतर द्या.